सोरियाच्या बाकावरचा फोटो

स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या भव्य अर्धगोल चौकात देशातल्या प्रांताप्रांताला रंगीत चितारलेल्या फरश्यांचा एकेक बाक दिलेला आहे. ज्याने त्याने आपापल्या बाकावर बसून फोटो काढायचा, हा तिथला शिरस्ता. चुकून दुसऱ्याच्या बाकावर बसलेला माणूस दुसऱ्याच्या बायकोशेजारी बसल्यासारखा दचकून उठतो.

सातुरियो दर रविवारी जेवणाआधी सोरियाच्या बाकावर जाऊन बसे. आधी रुमालाने फरश्या पुसायच्या, मग पायाशी फरश्यांचाच बनवलेल्या प्रांताच्या नकाशात आपलं गाव जिथे असायला हवं होतं तिथे बुटाचं टोक टेकवायचं आणि वाट बघायची. कोणाची? सोरियाच्या एखाद्या माणसाची. बार्सिलोनाच्या बाकापाशी रांग, माद्रिदच्या बाकापाशी ढकलाढकली, आणि सोरियाच्या बाकावर एकटा सातुरियो. प्रांतच ओस पडलेला, तिथून बाकावर बसायला कोण येणार? कबुतरंसुद्धा शेजारच्या बाकावर बसत.

तरुणपणी तो सोरियाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतून पळून सेव्हिलच्या भट्टीत आला आणि इथे त्याने जन्मभर काय केलं, तर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. थंडी काही सुटली नाही. लग्न केलं ते इथल्याच सालूदशी. ती बोलायला लागली की गल्लीतल्या खिडक्या आपोआप उघडत, जणू तिसरी घंटा झाली. तिच्या संगतीत हा अबोल माणूसही हातवारे करायला शिकला, इथल्यासारखे अर्धे शब्द गिळायला शिकला. तरी गल्लीत त्याचं नाव एकच, 'सोरियावाला'. या नावावर तो खूश होता.

लेकीच्या लग्नात मात्र त्याचा घात झाला. व्याही बाल्दोमेरो उएल्वा प्रांताचा, जिथे जगातलं सर्वांत चांगलं हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, बनतं असं तो स्वतःच सांगे. त्याने आख्खी तंगडी आणली. सातुरियोचं तोंड भरलेलं असतानाच लग्नाचा फोटो उएल्वाच्या बाकावर निघाला. तोंड रिकामं झाल्यावर सातुरियोने निषेध नोंदवला. तेव्हा ठरलं, की पहिल्या नातवंडाच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घेण्याच्या दिवसाचा, फोटो सोरियाच्या बाकावर निघेल. नात त्रियाना जन्मली त्या दिवसापासून आजोबा त्या फोटोची वाट बघत होते. त्यांच्या मागे सोरियाचं म्हणून या घरात उरणार होतं काय, तर ही पोर आणि तो फोटो.

मे महिन्यात तो दिवस उजाडला. चर्चमधून सगळे थेट चौकात आले. त्रियाना पांढऱ्याशुभ्र झग्यात, सालूद पंखा हलवत, बाल्दोमेरो नवा सूट घालून पराभव स्वीकारायला.

"आजी, तुझा बाक कुठला गं?" त्रियानाने विचारलं.

"आम्हा सेव्हिलकरांना बाक नाही, राणी. घर आपलं, खुर्च्या पाहुण्यांना. त्यात एखादा पाहुणा असा चिकट, की चाळीस वर्षं झाली तरी उठत नाही."

सातुरियोने ऐकलं नाही. तो समोर बघत होता. सोरियाच्या बाकावर, पायऱ्यांवर, नकाशावर हिरव्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं दाटीवाटीने उभी होती. पेन्शनरांची सहल आली होती. सोरियाहून. जन्मभर जे एकेकटेसुद्धा आले नाहीत, ते आज नेमके बस भरून आले होते.

सातुरियो हात पसरून पुढे धावला. "अहो, मी पण सोरियाचाच. आज नातीचा कम्युनियन आहे, बघा. जरा जागा द्या, एक फोटो काढतो, काय सांगू तुम्हाला, किती वर्षांपासून..."

टोप्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हातांकडे जास्त पाहिलं.

"रांगेत या, साहेब," एक म्हातारा म्हणाला. "इथले लोक गोड बोलून पुढे घुसतात, हे आम्हाला बसमध्येच सांगितलंय."

"मी इथला नाही हो. वाल्देसेर्सो गावचा आहे."

"तिथे कोणी राहत नाही."

"कसं राहील? मी निघून आलो ना."

मागे सालूद पंख्याआड हसली. बाकावर ठाण मांडून बसलेली इलारिया नावाची म्हातारी पुढे वाकली. "वाल्देसेर्सोत कोणाचा?"

"चर्चची घंटा वाजवणाऱ्याचा."

"थापा मारू नकोस. शेजारच्या गावची आहे मी. त्याचा मुलगा आख्ख्या हिवाळ्यात चार शब्द बोलायचा. तू तर श्वास घ्यायलाही थांबत नाहीस. सेव्हिलचाच आहेस तू."

जन्मभर सेव्हिलमध्ये जो सोरियावाला म्हणून मिरवला, त्याला सोरियाने सेव्हिलवाला ठरवलं. सातुरियोचे पसरलेले हात खाली आले. भुवया जवळ आल्या, ओठ मिटले, खालचा जबडा दगडासारखा झाला. सालूदने असा चेहरा लग्नाआधी एकदा पाहिला होता आणि महिनाभरात बदलून टाकला होता. तो उभा राहिला, नुसता.

इलारिया बराच वेळ बघत राहिली. मग तिने शेजारणीला कोपर मारलं.

"तोच आहे. हा असाच रुसायचा. सरक तिकडे, बसू दे त्याला."

सोरिया सरकली. त्रियानाला मधोमध बसवलं. सातुरियो अजून रुसलेलाच होता, पण त्याच्या हातात कॅमेरा होता आणि सवयीने तो फोटो काढायला मागे निघाला. बाल्दोमेरोने त्याचं मनगट धरलं.

"द्या इकडे, व्याही. स्वतःच्या बाकावर बसायचं सोडून कुठे निघालात?"

"तुम्हाला जमेल?"

"हॅम कापणारा हात आहे. थरथरत नाही."

हात थरथरला नाही, हे खरं.

फोटो आला. मध्ये पांढऱ्या झग्यातली पोर, तिच्याभोवती हिरव्या टोप्या, आणि सगळी सोरिया कर भरायला आल्यासारखी गंभीर. त्यांत सातुरियो कोणता, हे शोधावं लागतं. खालच्या कोपऱ्यात, पायाशी नकाशा होता नेमका तिथे, बाल्दोमेरोचा गुबगुबीत गुलाबी अंगठा.

"एवढा भाग कापून घेऊ," सालूद म्हणाली. "तुझ्या प्रांतावर उएल्वा बसलीय."

सातुरियोने चष्मा लावून आपलं गाव जिथे असायला हवं ती जागा शोधली. अंगठ्याच्या अगदी मधोमध निघाली.

"राहू दे," तो म्हणाला. "गाव रिकामंच आहे. कोणीतरी राहायला आलं म्हणायचं."