खालून वाचणारे शिंगाडे सर

शिंगाडे सर गेल्याचं त्यांच्या मुलानं बजाजनगरहून फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरेरे, राहिलंच की." त्या बिचाऱ्याला वाटलं, भेट राहिली. भेटी कुठल्या राहतात! नातवंडं झाली तरी दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन सरांकडे जायचेच. राहिली होती ती एक माफी, आणि ती मागायला मला पन्नास वर्षं पुरली नाहीत. सर जाऊन आता महिना झाला...

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली असतील. कन्नडजवळच्या आमच्या गावाहून मी औरंगाबादला कॉलेजात आले. तिथं इतिहासाला शिंगाडे सर होते. देवगाव रंगारीच्या धनगराघरचा हा माणूस अमेरिकेतलं यादवी युद्ध असं शिकवायचा, की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापूस. कापूस आम्हाला ठाऊक होता. सर विचारायचे, वेचायला हात कुणाचे? मग सांगायचे, देशात नवं राज्य आलं की भांडण ठरलेलं, तिथं गुलाम ठेवायचे की नाही? दर वेळी तडजोड, आणि तिच्यातच पुढच्या भांडणाची सोय. शेवटी गुलामगिरी आणखी पसरू देणार नाही म्हणणारा अध्यक्ष निवडून आला, दक्षिणेतली राज्यं एकामागून एक फुटून निघाली आणि तोफा सुरू झाल्या.

पेपर तपासताना सरांची एक खोड होती. उत्तर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे. परीक्षेत युद्धाची कारणं विचारली होती. मी गाईडातली पाचही झोकात उतरवली. उद्योग विरुद्ध शेती, जकात, राज्यांचे हक्क... गुलामगिरी सगळ्यात खाली, पाचवी. सरांनी बोलावून घेतलं. मार्कांची जागा कोरीच होती. म्हणाले, "माणसाला नको असतंय ते तो शेवटाला लिहितो. म्हणून मी खालून वाचतो. राज्यांचे हक्क लिहिलेस, पण हक्क कशाचा, पोरी?"

मी मुळात तोंडाळ. म्हटलं, काही मालक चांगलेही असतील की. आमच्या आबांच्या, म्हणजे वडलांच्या शेतावर नाही का, सालगडी अगदी घरच्यासारखा राहतो. सरांनी निळी पेन्सिल खाली ठेवली.

"त्याला घरी जायचं झालं तर?"

"आबांना विचारतो."

"आणि आबा नाय म्हणले तर?"

सरांनी पेपर माझ्या हातात दिला. पुन्हा लिहून आण, एवढंच ते म्हणाले.

सुट्टीत घरी गेल्यावर मी रागारागानं हे सगळं आईला सांगितलं. सरांचं आडनाव न् गाव ऐकून तिचा हात पिठातच थांबला. मग तिनं सांगितलं. मेंढरं मोडल्यावर सरांचे वडील, भिवाबा, आमच्याच शेतावर पाडवा ते पाडवा सालगडी होते. एका पेरणीत देवगावहून निरोप आला, बायको अत्यवस्थ आहे. आबा म्हणाले, पेरणी उरकू दे, मग जा. भिवाबा तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर तिकडं सगळंच उरकलं होतं.

माझं नाव-गाव पहिल्या दिवसापासून सरांच्या हजेरीपटावर होतं. म्हणजे ते सगळं जाणून होते, आणि तरी मला एका शब्दानं टोचलं नाही! पुन्हा लिहिलेल्या उत्तराला वर्गातले सगळ्यात जास्त मार्क दिले. पुढं बी.एड.साठी आबांशी भांडायचं बळही त्यांनीच दिलं. केवढं मन म्हणायचं हे... त्यांच्या जागी मी असते तर वर्षभर घालूनपाडून बोलले असते. आणि मी? दर संक्रांतीला ठरवून जायचे, आज बोलायचंच. मग गुडघेदुखी न् एसटीचे हाल यावर बोलून परत यायचे. एकदा चप्पल घालताना उगाच रेंगाळले, तर सरच म्हणाले, "काही राहिलं का गं?" मी नाही म्हटलं.

परवा मुलानं सरांची खोली दाखवली. टेबलावर बोटभर उरलेली निळी पेन्सिल होती. शेवटपर्यंत पेपरातली बातमीसुद्धा ते खालूनच वाचायचे, म्हणाला. पेन्सिल मी मागून आणली. हा लेख लिहून झाल्यावर ती हातात घेऊन वाचायला बसले, तर काय, चांगलं तेवढं वर आणि आबांचं पार तळाला! पन्नास वर्षांनी पुन्हा तीच चूक. सगळं खोडून नव्यानं लिहावं असं वाटलं, पण मग पेन्सिल ठेवून दिली. सर वाचायला बसले असते तर खालूनच सुरुवात केली असती. तेव्हा त्यांच्यासाठी पहिली ओळ ही असू दे. भिवाबांना त्या दिवशी सोडायला पाहिजे होतं, सर. आमचं चुकलं.