नमुना पाठाच्या दिवशीचं रडणं

निजामी अमदानीत हिंगोलीला खेड्यांतल्या होऊ घातलेल्या मास्तरांसाठी एक वर्ग चालायचा. तिथं मी शिकवायला होतो. शिकवणं उर्दूत, समोर बसलेले मिशा फुटलेले गडी मराठी. माझा विषय म्हणजे बोलण्याची रीत. समोरचा माणूस कोणत्या घरातून आलाय ते आधी समजून घ्या, मग तोंड उघडा, असं मी टेबलावर हात आपटून सांगायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वर्गात लमाणांच्या तांड्यावरचा एक जण होता. घरची बोली निराळी, मराठी शेजारच्या गावातली, उर्दू माझ्याकडून घेतलेली. सगळं मनात जुळवून बोलायचा, म्हणून सावकाश बोलायचा. मी त्याला बैलगाडी म्हणायचो आणि तो हसून घ्यायचा. औंढ्याच्या वाटेवर त्यांच्या तांड्याला शाळा मंजूर झाली होती. साहेबांसमोर त्याचा नमुना पाठ पास झाला तर ती शाळा त्याची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. तांड्यातून मास्तर झालेला तो पहिलाच असता.

पाठाच्या दिवशी तपासणीचे साहेब येऊन बसले. याची पाळी जवळ आली आणि अंगणात रडणं उठलं. घागरा नेसलेली, कोपरापर्यंत बांगड्या भरलेली एक बाई त्याच्या गळ्यात पडून सूर धरून रडत होती. ही त्याची थोरली बहीण. मी मनाशी म्हटलं, झालं, यांच्या घरी कुणीतरी गेलं. बाहेर जाऊन त्याच्या हातातलं पुस्तकच काढून घेतलं.

"सुतकात पाठ घेता येत नाही. घरी जा."

"गुरुजी, तसं न्हाई..."

"उलट बोलू नको."

उस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हेही मीच शिकवलेलं. तो बहिणीला घेऊन निघाला. आत येऊन मी साहेबांना त्याच्या घरचं दुःख कळवलं. साहेब डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. घरी सगळे बराबर होते. लांब दिलेली बहीण फार दिवसांनी भेटली, की त्यांच्यात गळ्यात पडून असंच सुरात रडतात. ते आनंदाचंच रडणं. साहेब तेव्हा औंढ्यालाच मुक्कामाला होते. चार ओळींची चिठ्ठी शिपायाहाती धाडली असती तर काम झालं असतं. पण उस्ताद एवढा गाढव निघाला, हे स्वतःच्या हातानं कसं लिहायचं? "बघतो," म्हणालो. बघितलं काही नाही. शाळा हिंगोलीच्या एकाला मिळाली. तांड्याची बोली त्याला येत नव्हती.

राज्य बदललं त्या वर्षी बायकोला घेऊन नागनाथाला निघालो होतो. बैलांना पाणी पाजायला गाडीवानानं नेमकी त्याच तांड्यापाशी गाडी थांबवली. मला ओळखून तो शेतातून आला, मागून बहीण. तिनं माझ्या बायकोच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली. बायको घाबरली, पण तिनं विचारलं, "कोण गेलं गं माय?"

"कोनी न्हाई. तू आलीस म्हनून."

अक्षरओळख नसलेल्या माझ्या बायकोला जे सुचलं, ते मला सुचलं नव्हतं. मग मला राहवेना. त्याला म्हणालो, "मी चिठ्ठी लिहायला पाहिजे होती. चुकलं माझं."

"मी गेलतो औंढ्याला," तो नेहमीसारखाच सावकाश म्हणाला. "साहेब म्हनले, उस्तादाचा कागद आन, उद्या पाठ घेतो."

"मग माझ्याकडं काहून नाही आलास?"

"आलतो नं गुरुजी. दारापोतर आलतो."

तो बहिणीकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "तुमी वर्गात हिचं रडनं करून दाखवून राहिले होते. सगळे हसून राहिले होते. मग मी माघारी फिरलो."

ते मी विसरून गेलो होतो. बहीण अजून माझ्या बायकोचा हात धरून उभी होती. तिनं मला घरात चलायला सांगितलं, दूध तापवते म्हणाली.