जागेची खबर

“जागा हाय ताई. फक्त बोलून राहिली न्हाई.”

आमच्या सरांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन. ते ग्रंथालयाच्या दारात चपला काढायचे. नको म्हटलं तरी काढायचे, जणू आत देव बसलेत. मग पेपर उचलायचे आणि मागच्या पानापासून उघडायचे. राजकारण, क्रिकेट, सोन्याचा भाव, कशाशीच देणंघेणं नाही. करंगळीचं नख बारीक अक्षरांवरून खाली खाली सरकायचं. सेवापूर्ती, निधन, बदली, सत्कार. “कुठं तरी कुणी तरी उठलं असंलच की,” असं पुटपुटत पान उलटायचे.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माहेर लातूरचं, म्हणून तोंड जरा चालतं असं सासरचे म्हणतात. सर आमच्याकडे इतिहास शिकवायचे, तासिकेवर. तासिका म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा एखादा माणूस आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की हात हलवत घरी. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच खुर्ची. पोरं ‘सर’ म्हणतात, भोकरकडच्या त्यांच्या गावात ‘प्राध्यापक’ म्हणतात, आणि घरमालक भेटला की विचारतो, “मग, परमनंट कधी?”

सरांची पीएच.डी. झालेली, चाळिशी उलटलेली, कानाजवळचे केस पांढरे. पण बसस्टँडपासून शिक्षण खात्याच्या समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत, कुठल्या कॉलेजात कोण कधी रिटायर होणार आणि कुठल्या शाळेतला शिपाई आजारी रजेवर आहे, ते सगळं त्यांना ठाऊक. मी एकदा म्हटलं, “सर, हल्ली मोबाईलवर सगळ्या जाहिराती येतात. एवढी वणवण कशाला?”

“ताई, मोबाईलवर आलेली जागा म्हंजे एसटीतली खिडकीजवळची जागा,” ते म्हणाले. “आपण चढूस्तोवर तिच्यावर कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो.”

खऱ्या जागेची खबर कुठं लागते, तर निरोप समारंभात. नांदेडात कुणी सेवानिवृत्त होवो, सर तिथं हजर. आमंत्रण असो-नसो. मागच्या रांगेत बसायचे, चिवड्याची प्लेट मांडीवर, कान पुढे. एकदा आमच्याच कॉलेजातल्या एका बाईंचा निरोप होता. शाल झाली, नारळ झाला, आणि दर वक्ता उठून म्हणू लागला, “बाईंच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.” सर माझ्या कानाशी वाकले. “बघा ताई, मी हेच म्हणून राहिलो. भरतच न्हाईत हे लोक!” मला असं हसू फुटलं की बाईंना वाटलं, मला हुंदका आला. त्यांनी स्टेजवरून हात करून मला धीर दिला.

पण गंमत सांगते. सरांनी शोधलेल्या जागांवर लोक लागले हो! आमच्या शिपायाचा भाचा प्रयोगशाळेत चिकटला. अर्धापूरची एक विद्यार्थिनी, तिला कुठल्याशा शाळेत बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात ही खबर सरांनी दिली. रजेवरच्या बाई परत आल्याच नाहीत आणि ही पोरगी तिथंच कायम झाली. तिचा बाप केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन ग्रंथालयात आला. सरांनी तो जागच्या जागी वाटून टाकला. मी ओरडले, “अहो, घरी न्या की थोडी, लेकरू आहे घरात!” तर म्हणाले, “नेतो की,” आणि दोन केळी खिशात घातली.

“आणि तुमची जागा?” मी विचारायचे.

“निघंल. इतिहासाची एकच तर पाहिजे मला.”

तुम्ही म्हणाल, कायद्यानं जाहिरात द्यावी लागते, मग लपवाछपवी कशी? अहो, जाहिरात देतातच. कुठं देतात ते बघा. नांदेड जिल्ह्यातल्या कॉलेजची जाहिरात लातूरच्या एखाद्या असल्या पेपरात येते, जो छापतात पण लातूरच्या स्टँडबाहेर कुठं वाटत नाहीत. लातूरच्या जागेची बातमी नांदेडच्या कोपऱ्यात. जाहिरात दिल्याचा पुरावा राहिला, आणि वाचली कुणीच नाही. साप मेला, काठी शाबूत.

सरांनी त्यावर इलाज काढला होता. लातूर-नांदेड गाडीचा एक वाहक त्यांच्या ओळखीचा. तो लातूरच्या स्टँडवरून तो पेपर घ्यायचा आणि तिकिटाच्या पेटीखाली दाबून आणायचा. सर सकाळच्या तासाआधी नांदेडच्या स्टँडवर उभे. गाडी लागली की वाहक दारातूनच ओरडायचा, “सर, घ्या तुमचं लातूर!” वर्षानुवर्षं हे चाललं होतं. ऊन, पाऊस, लगीनसराईची गर्दी, काही असो. त्यांच्या बायकोनं मला एकदा बाजारात गाठून सांगितलं, “ताई, आमच्या घरी दुधाच्या आधी पेपर येतो बघा.” हसून सांगत होती बिचारी. मला काही हसू आलं नाही.

मग एक दिवस सर चपला घालूनच आत आले. मी तिथंच ओळखलं, काहीतरी झालंय. त्यांनी लातूरचा पेपर माझ्या टेबलावर पसरला आणि करंगळी एका चौकोनावर ठेवली. चौकोन केवढा, तर काड्यापेटीएवढा. नांदेड जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. नाव मी सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. विषय इतिहास. पद एक, पूर्णवेळ. प्रवर्गही सरांचाच.

“बोलली ताई,” ते म्हणाले. “जागा बोलली.” “आमच्या विषयाचं पद किती वर्षांनी निघालंय तुम्हाला माहीत हाय. ही गेली तर पुढची निघंल तवा मी काठी टेकत मुलाखतीला जाईन.”

मी उठून दार लोटलं. “सर, माझं ऐका. आता तोंडाला कुलूप. ही खबर या खोलीबाहेर गेली तर याद राखा.”

“कुणाला सांगतोय!” असं म्हणून त्यांनी गळ्याला हात लावला.

चार दिवस माणूस मुका झाला. अर्ज त्यांनी माझ्याच टेबलावर लिहिला, झेरॉक्स मीच काढल्या. पाकीट बंद करताना म्हणाले, “पोरगी म्हणून राहिली, पप्पा, परमनंट झाल्यावर शाळेच्या फॉर्मवर तुमचं काम काय लिहायचं? आता नुसतंच ‘शिक्षक’ लिहितो. तवा ‘प्राध्यापक’ लिहू.” मी म्हटलं, “लिहा लिहा, लाल शाईनं लिहा.”

पाचव्या की सहाव्या दिवशी दुसऱ्या कॉलेजातला एक तासिकेवरचा तरुण माझ्याकडे आला. इतिहासाचाच. म्हणाला, “मॅडम, त्या जाहिरातीची झेरॉक्स मिळंल का? सर म्हणाले तुमच्याकडं हाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी सरांना समोर बसवलं. “किती जणांना सांगितलंत?”

“जास्त न्हाई.”

“किती?”

“जे भेटले त्यांना.”

“अहो, तुम्हाला अक्कल आहे का? आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतलात!”

ते खाली बघत होते. मग हळू म्हणाले, “ताई, तो पोरगा विचारून राहिला होता, ‘सर, कुठं काही हाय का?’ त्याचं तोंड बघितलं मी. आता न्हाई कसं म्हणू? हाच प्रश्न घेऊन मी जन्मभर दारं हिंडलो. ‘काही न्हाई’ म्हणणारा माणूस खोटं बोलून राहिला का खरं, हे बघताक्षणी कळतं हो. माझ्या तोंडाकडं बघून त्याला तसं कळलेलं मला चाललं नसतं.”

मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मुलाखतीच्या दिवशी सर बायकोनं इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून पहिल्या गाडीनं गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. अर्ज घेऊन थेट मुलाखतीला या, असं जाहिरातीत होतं; संस्थेनं चारच खुर्च्या मांडल्या होत्या. येणारे चौघं म्हणजे एक त्यांचा स्वतःचा माणूस आणि तीन त्याच्या सोबतीला आणलेले. आणि आले किती? मैदानात मावेनात. लातूर, उदगीर, हिमायतनगर, देगलूर, कुठकुठून फायली घेऊन आलेले. झाडाखाली, पायऱ्यांवर, सायकल स्टँडमध्ये बसलेले. आणि त्यातले निम्मे सरांना वाकून नमस्कार करणारे, “सर, तुमच्यामुळं कळलं.” संस्थेच्या लोकांची तारांबळ उडाली. दुपारी फळ्यावर कागद लागला : अपरिहार्य कारणास्तव मुलाखती पुढे ढकलण्यात आल्या आहेत.

“मग तुम्ही काय केलं?” मी विचारलं.

“काय करणार? त्या पोरांना स्टँडपर्यंत पोचवलं. त्यांना गाड्यांचं टायमिंग माहीत नव्हतं.”

खरं सांगते, सर गप्प बसले असते तरी जागा त्यांना मिळाली नसती. ज्याच्यासाठी चार खुर्च्या मांडल्या होत्या त्यालाच मिळाली असती. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण मुलाखत तरी झाली असती, कुणीतरी दोन प्रश्न विचारले असते, एवढीच त्यांची आशा होती, आणि तीही त्यांनी वाटून टाकली, त्या केळीच्या घडासारखी.

मुलाखतींची जाहिरात पुन्हा येईल म्हणून सर रोज स्टँडवर जात राहिले. वाहक पेपर देत राहिला. आणि एक दिवस त्या तालुक्याच्या गावी कुणाच्या तरी लग्नाला गेले, तर चौकात भलंमोठं फ्लेक्स. ‘प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फेटा बांधलेला, काळा चष्मा लावलेला एक तरुण, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आले, दारात चपला काढल्या, बसले. मला वाटलं, आता तरी चिडतील, शिव्या देतील. मी म्हटलं, “सर, कोर्टात जाऊ. माहिती मागवू.” ते भलत्याच विचारात होते.

“ताई, ही दुसरी जाहिरात कोणत्या पेपरात आली असंल हो?”

“आता काय करायचंय?”

“न्हाई, पण लातूरच्यात न्हाई आली. एक दिवस चुकवला न्हाई मी. मग कुठं आली?”

पुढे दोन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. परभणीचे पेपर, बीडचे पेपर, कुठं रद्दीच्या दुकानात बसून जुने अंक चाळ, कुठं छापखान्यात जाऊन विचार. जागा भरली होती, माणूस रुजू झाला होता, पण यांना ती जाहिरात बघायची होती. मी एकदा चिडून म्हटलं, “सापडली तर काय, फ्रेम करून लावणार आहात?” ते म्हणाले, “ताई, ती न्हाई सापडली तर एवढी वर्षं मी काय शोधून राहिलो होतो?”

मी त्यांच्यापुढच्या जुन्या अंकांतला अर्धा गठ्ठा माझ्याकडे ओढला आणि चाळायला लागले.

उन्हाळा आला, तास संपले, सर दिसेनासे झाले. ते नेहमीचंच होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. जूनमध्ये कॉलेज उघडलं. आज येतील, उद्या येतील. पेपर मागच्या पानांसकट जसेच्या तसे राहू लागले.

मग एका सकाळी एक मुलगी दारात आली. हातात फाईल, घामाघूम, बस उतरून थेट आलेली. “मॅडम, इतिहासाची तासिकेची जागा खाली झाली म्हणे इथं?”

“कोण म्हणालं?” मी जरा फटकारलंच. “आमचे सर आहेत त्या जागेवर.”

“त्यांनीच फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हणाले, माझी जागा खाली झाली, लवकर जा, अजून कुणालाच माहीत न्हाई. आधी ग्रंथालयात ताईंना भेट म्हणाले.”

मी उठून उभीच राहिले. “कुठून केला फोन? कुठं आहेत ते?”

“सांगितलं न्हाई. मागं मशिनींचा लई आवाज होता. मी विचारलं, सर तुम्ही कुठं लागलात, तर म्हणाले, ‘ते राहू दे, तू अर्ज कर.’”

मी तिथंच त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. प्राचार्यांना माहीत नव्हतं, कार्यालयात माहीत नव्हतं, शिपायाला माहीत नव्हतं. कॉलेजात इतकी वर्षं राबलेला माणूस गेला आणि कुणाला पत्ता नाही. शाल नाही, नारळ नाही, पोकळीचं भाषण नाही. नांदेडातल्या यच्चयावत निरोपांना जाऊन बसलेला माणूस! मला त्या मुलीसमोर रडू फुटलं.

ती गोंधळून उभी होती. मग भीत भीत म्हणाली, “मॅडम, जागा नक्की खाली हाय ना? सर परत आले तर?”

मी डोळे पुसले, सरांची खुर्ची तिच्याकडे ओढली आणि म्हटलं, “बस. अर्ज लिही. आणि कुणी विचारलं, काही हाय का, तर सांगून टाक.”