पालकांची ट्रायल

संमतीपत्राचा कागद अगदी साधा होता. वर मुलाचं नाव, खाली पालकांची सही आणि मधोमध दोन चौकोन. एकापुढं ‘शाळेत पाठवण्यास तयार आहे’, दुसऱ्यापुढं ‘तयार नाही’. आमच्या शाळेचे शिपाईमामा सायकलवरून माझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुलांच्या घरोघरी तो देऊन आले. मी आठवडाभर वाट बघितली. परत आले नऊ.

त्या नवांतल्या एकावर मुलानं स्वतःच वडिलांची सही ठोकली होती आणि ती खरी वाटावी म्हणून वर ‘आपला आज्ञाधारक’ असं लिहिलं होतं. एकावर एका आईनं दोन्ही चौकोन कोरे ठेवून ‘सासूबाईंना विचारून सांगते’ एवढंच लिहिलं होतं. आणि एका वडिलांनी दोन्ही चौकोनांत बरोबरच्या ठसठशीत खुणा केल्या होत्या.

मी त्यांना फोन लावला.

“दोन्हीकडं खूण कशी केलीत हो?”

“आवं बाई, सकाळच्या पारी मी तयार असतोय. सांजच्याला टीव्हीवर बातम्या बघितल्या की न्हाय. दोन्ही बी खरंच हाय की.”

हे गृहस्थ कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते. आमची शाळा त्याच बाजूच्या एका गावात, सातवीपर्यंतची. मी कोल्हापुरातून स्कूटरवरून जात असे. तेही नव्यानंच, कारण संस्थेनं माझी बदली केली ती नेमकी शाळा बंद असताना. त्यामुळं मोकळे बाक, कुलपं आणि मामा, एवढ्यांशीच माझी ओळख झाली होती; मुलं फोनवरच्या तासाला दिसत तेवढीच. आता पाचवीपासूनचे वर्ग उघडा, असं परिपत्रक आलं होतं. मास्क, हात धुणं, सहा फुटांचं अंतर, एका बाकावर एक, डबा वाटून खायचा नाही, सगळं त्यात होतं. पालकांच्या मनाची तयारी करून घ्यावी, असंही एक वाक्य होतं. ती कशी करून घ्यायची ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

मी भट्टीवाल्यांना फोनवर सगळे नियम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, आमच्या कंपनीत नवं मशीन आलं की आदी ट्रायल घेत्यात. तुमी घेतलीय का ट्रायल?”

“मुलं आल्याशिवाय ट्रायल कशी घेणार?”

“पोरं नगो. आमी येतो की.”

फोन ठेवल्यावर मला ते पटलं. अडचण होती हेडसरांची. त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं आणि कुठलीही नवी गोष्ट पेन्शनच्या आड येईल असं त्यांना वाटे. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं, एकदा उलटं करून पाठीमागं काही छापलंय का तेही बघितलं.

“पालकांना वर्गात बसवा असं यात कुठं आहे?”

“बसवू नका असं तरी कुठं आहे, सर?”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि मामांना चुना आणायला पाठवलं.

रविवारी सकाळी आठला ट्रायल ठरली. घरटी एक मोठं माणूस, मास्क लावून, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. तासभर त्यांनी मुलांसारखं वागायचं आणि मुलांचे सगळे नियम पाळायचे. मी साडेसातला पोचले तर मामा गेटपासून चुन्याची वर्तुळं काढत होते. वर्तुळं फार सुरेख होती, सायकलची रिम टेकवून काढलेली. फक्त ती गेटमधून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या दूध डेअरीच्या दारापर्यंत गेली होती.

“मामा, हे काय?”

“सहा फूट म्हटलासा न्हवं?”

“सहा फूट. तुम्ही केवढं मोजलंत?”

मामांनी आपला पाय पुढं केला. “फूट म्हंजे पावलंच की. सहा ढांगा टाकल्या.” मामांची ढांग लांब होती. या हिशेबानं वर्गातली शेवटची सहा पोरं रोज डेअरीत उभी राहिली असती. पुसायला वेळ नव्हता. पालक यायला लागले होते आणि वर्तुळं दिसल्यावर जो तो आपलं वर्तुळ पकडून उभा राहत होता. डेअरीत दूध घालायला आलेले दोघंही काही न विचारता रांगेत उभे राहिले. त्यांना सांगून परत पाठवावं लागलं.

गेटवर हेडसर ताप बघायचं पिस्तूल घेऊन उभे होते. ते पिस्तूल त्यांनी खोक्यातून त्याच सकाळी काढलं होतं. पहिला नंबर भट्टीवाल्यांचा. सरांनी हात लांब करून, मान दुसरीकडं वळवून त्यांच्या कपाळावर नेम धरला. टुक असा आवाज आला आणि पडद्यावर आकड्याऐवजी ‘लो’ अशी अक्षरं उमटली.

“लो म्हंजे?” भट्टीवाल्यांनी विचारलं.

“कमी.”

“किती कमी?”

“आकडाच नाही.”

भट्टीवाल्यांनी स्वतःच कपाळाला हात लावून बघितला. उभी हयात ज्याची लाल लोखंडासमोर गेली, त्याच्या अंगात ताप मोजण्यापुरतीही धग नाही म्हटल्यावर माणूस हबकणारच. हेडसर खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काढून वाचू लागले. शेवटी मामा पुढं झाले. “आवं, थंडीच्या दिसांत फटफटीवरनं आल्यात ते. कपाळ गार पडलंय. जित्ता हाईस, जा आत.”

त्या दिवशी गेटवर निम्म्या लोकांचा ‘लो’च आला आणि सगळे मामांच्या निकालावर आत गेले.

इतक्यात गेटवर दोन बायका एकदम आल्या. ‘सासूबाईंना विचारून सांगते’ वाल्या आई आणि त्या सासूबाई. हेडसर म्हणाले, घरटी एकच. सासूबाई म्हणाल्या, “मग सून भाईर थांबंल. मी बघतो की काय बघायचं ते.” आमच्याकडं बायकाही ‘मी बघतो, मी करतो’ असंच बोलतात, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतही होतं. सुनेनं माझ्याकडं असं काही बघितलं की मी सरांचं न ऐकता दोघींना आत घेतलं.

वर्गात प्रत्येकाला एक बाक दिला. मी हजेरी घ्यायला उभी राहिले आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मोठी माणसं बाकावर बसली की मोठी राहत नाहीत. भट्टीवाले आणि त्यांचे एक मित्र, शाळेतले जुने सोबती, मागच्या बाकावर दोघं एकत्र सरकले होते. मी म्हटलं, “एका बाकावर एक.” मित्र म्हणाले, “आमी हितंच बसत हुतो, बाई. ह्याच बाकावर.” त्यांना उठवून खिडकीकडं पाठवलं, तर खिडकीकडून ते खडूचे तुकडे मारायला लागले.

हजेरीला सगळे ‘हजर’ म्हणत होते. एका गृहस्थांचं नाव आलं तेव्हा नुसताच ‘उंऽ’ असा आवाज आला.

“नीट बोला.”

“उंऽ.”

त्यांनी मास्कच्या आत तंबाखूची चिमूट धरली होती. मी त्यांना बाहेर जाऊन तोंड धुऊन यायला सांगितलं, तेव्हा ते करंगळी वर करून उभे राहिले, परवानगीसाठी. सगळा वर्ग हसला. हेडसर दारातून आत डोकावून ‘गप्प बसा’ म्हणाले आणि मग बहुधा समोर कोण बसलंय ते आठवून नुसतेच खोकले. खोकल्याबरोबर पहिली रांग मागं सरकली.

मी फळ्यावर नियम लिहून समजावून सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. “बाई, आसं लांब लांब बसून कुटं शाळा असती व्हय? पोरं काय चोर हाईत, येगयेगळी बसवायला?”

दुसऱ्या बाकावरून एक आजोबा बोलले. ते पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, गावातल्या बुद्धविहाराची किल्ली त्यांच्याकडं असे. मुलगा-सून पुण्याला नोकरीत, नातू त्यांच्याकडं. तोवर ते एक शब्द बोलले नव्हते. पाठ सरळ, हात बाकावर, वर्गात सगळ्यात नीट बसलेला विद्यार्थी तेच.

“असती की,” ते म्हणाले. “मी चौथीपर्यंत आसाच बसलोय. दाराजवळ, पोत्यावर.”

खिडकीकडून येणारे खडू थांबले.

“तवा अंतर माझ्या एकट्यालाच हुतं. आज समद्यांस्नी हाय.” त्यांच्या डोळ्यांवरून ते मास्कमागं हसतायत हे कळत होतं. “मला तर बरं वाटाय लागलंय.”

हसावं की नाही, कुणालाच कळेना. मी घड्याळ बघितलं आणि वेळ झाली नसताना मधली सुट्टी जाहीर केली.

“डबे काढा. आपापल्या जागेवर बसून खायचं. एकमेकांत वाटायचं नाही. हा नियम पोरांना सगळ्यात अवघड जाणार आहे, म्हणून तुम्ही नीट करून बघा.”

डबे उघडले. कोल्हापूरच्या माणसांना आपापला डबा एकट्यानं खा म्हणणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. लोक घास हातात धरून शेजारच्या डब्याकडं बघत बसले. एक जण म्हणाला, “बाई, ह्ये उपासापेक्षा वंगाळ हाय.”

सासूबाई उठल्या. हातात भाकरीचा चतकोर, त्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा. सरळ चालत गेल्या आणि तो त्यांनी पोस्टमन आजोबांच्या डब्यात ठेवला.

“आजी,” मी म्हटलं, “वाटून खायचं नाही.”

“त्यो नियम पोरांला लावा. सोमवारपास्नं.” त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “आज न्हाय.”

मी फळ्याकडं वळले आणि नियमांखाली रेघ मारली. रेघेची काही गरज नव्हती.

आजोबांनी मास्क खाली केला, तुकडा मोडून तोंडात घातला आणि पुढच्याच क्षणी त्यांना जबर ठसका लागला. तो खर्ड्याचा ठसका होता, दुसरं काही नव्हतं. पण बंद खोलीत, त्या दिवसांत, सत्तरीच्या माणसाचा खोकला! बाक धाडधाड सरकले. सगळा वर्ग समोरच्या भिंतीला चिकटला. खाली उतरलेले सगळे मास्क एका झटक्यात वर गेले. एकाच्या मिशीला लागलेलं दही मास्कमध्येच राहिलं. भट्टीवाले खिडकीत चढून बसले. मामा पिस्तूल घेऊन धावत आले, आजोबांच्या कपाळावर धरलं आणि जोरात ओरडले, “लो!”

जागेवर उभ्या राहिल्या होत्या फक्त सासूबाई. “मुडद्यांनो, मिरची लागलीय त्येला!” असं म्हणत त्यांनी स्वतःची बाटली उघडून आजोबांच्या हातात दिली. पाण्याची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, हा फळ्यावरचा पाचवा नियम होता. आजोबा घटाघटा प्यायले. डोळे पुसत म्हणाले, “लई झणझणीत केलाय वो.”

“सुनेनं केलाय,” सासूबाई म्हणाल्या. “तिला सांगून दमलो, मिरच्या कमी घाल म्हणून.”

सून भिंतीला टेकून हसत होती. मग एकेक करून सगळेच हसायला लागले. भट्टीवाल्यांना खिडकीतून उतरता येईना, दोघांनी धरून उतरवलं.

ट्रायलमध्ये एकही नियम धड पाळला गेला नाही. हेडसरांनी मला बाजूला बोलावून, झालं हे बरं झालं पण कुठं लिहू नका, असं सांगितलं. मी टेबलावर संमतीपत्रं ठेवून बसले, मनातून खट्टू. कोण सही करणार आता?

भट्टीवाले पहिले आले. मी म्हटलं, “ट्रायल फेल गेली की तुमची.”

“फेल जाती म्हणूनच घेत्यात, बाई. पयल्या झटक्यात पास झाली तर मालकाला बी संशय येतोय.” त्यांनी ‘तयार आहे’वर खूण केली. “आमाला जमलं न्हाय ते पोरांला जमंल. त्यांस्नी तंबाखू लागत न्हाय.” मग जाता जाता म्हणाले, “ह्यो कागद आत्ताच कपाटात ठेवा. सांज व्हायच्या आत.”

पोस्टमन आजोबांनी वळणदार अक्षरात सही केली, खाली तारीख घातली. सासूबाईंनी अंगठा पुढं केला, पण मी पेन सुनेच्या हातात दिलं. सुनेनं सासूबाईंकडं बघितलं. मग सासूबाई म्हणाल्या, “कर बाई तूच. शिकलीयास तर.” तीन-चार घरं सोडली तर त्या दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि त्या तीन-चार घरांनीही पुढच्या आठवड्यात पोरं पाठवली.

सोमवार उजाडायच्या आत मामांनी वर्तुळं पुसून नव्यानं काढली होती, या वेळी माझ्या ओढणीला गाठ मारून सहा फूट मोजून घेतलं. पोरं आली. मी गेटवर त्यांची वाट बघत होते आणि मनातून घाबरले होते, कारण वर्षभर त्यांना फक्त फोनच्या इवल्याशा चौकोनात बघितलं होतं. आता नुसते डोळे दिसत होते. कोण कुठलं, काही कळेना. पोरं मात्र शहाण्यासारखी एकेका वर्तुळात उभी राहिली, हात पुढं करून सॅनिटायझर घेतला, आणि सोडायला आलेल्या बापांना ‘आत येऊ नगोस’ म्हणून दटावलं. दोघांनी मास्कवरची चित्रं आवडली म्हणून मास्कची अदलाबदल केली, तेवढंच.

रांगेतली एक मुलगी माझ्यासमोर आली आणि थांबली. वरपासून खालपर्यंत बघितलं. परत वर बघितलं.

“बाई, तुमीच काय त्या फोनमधल्या?”

“हो, मीच.”

आवाजावरून मी तिला ओळखलं. कविता म्हणताना मधेच म्हशीला हाकलणारी ती हीच. तिनं अजून एकदा मान तिरकी करून बघितलं.

“मला वाटलं, तुमी उंच असशीला,” ती म्हणाली, आणि माझ्या बाजूनं वर्गात निघून गेली.