हॅलो, गायरान कुणाला दिलं?

ग्रामसभेत वडिलांनी विचारलं, "गावचं गायरान कुणाला दिलं?" सरपंचांनी बोट हलवलं आणि माईकवाल्यानं आवाज बंद केला. मरेपर्यंत वडिलांना कुणी पुन्हा बोलू दिलं नाही.

त्यांच्या दशक्रियेला तेच सरपंच श्रद्धांजलीचं भाषण करायला उठले. मी दातओठ खात बसलो होतो. माईक देण्याआधी त्याच माईकवाल्यानं त्यावर नखानं टिचक्या मारल्या, फुंकर घातली. "हॅलो, हॅलो... गावचं गायरान कुणाला दिलं?"

घाटावरच्या सगळ्या माना वळल्या.

"काय बडबडतोय रे?" सरपंच खेकसले.

"टेस्टिंग हाय, सरपंच. माणपासून कासारसाईपत्तुर परत्येक लग्नात ह्येच म्हणतुया. त्या दिशी बटन म्याच दाबलं व्हतं."

त्यानं आवाज पूर्ण वाढवला आणि माईक सरपंचांच्या तोंडासमोर धरला.

"बोला आता."