इंग्रजी चपलांशेजारी

“चपला बाहेर काढा, आणि इंग्रजीही तिथंच ठेवा.” दार उघडल्याबरोबर बाई एवढंच म्हणायच्या. या-बसा काही नाही.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये स्पॅनिशचा क्लास चालायचा. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत नोकरीला होतो. बाटल्या भरायचं मशीन स्पेनहून येणार होतं आणि ते शिकायला मला तिकडे पाठवणार होते. अट एकच. ‘याला बोलता येतं’ असं बाईंनी म्हणायला हवं.

समोर उभं राहिलं की आपल्याला येत असलेलंही विसरायला होतं, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी कॉन्व्हेंटचा, सगळी भिस्त इंग्रजीवर. एकदा क्लासला उशिरा पोचलो. लाज वाटली म्हणून ‘एम्बॅरस्ड’ला स्पॅनिश शेपूट लावून म्हणालो, “एस्तोय एम्बारासादो.”

बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. “कितवा महिना?”

त्या शब्दाचा अर्थ गरोदर. वर्ग खो खो हसला. बातमी वायनरीत पोचली आणि तिथले लोक मला डोहाळे विचारू लागले. त्या दिवसापासून बाई माझ्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच.

‘आवडणं’ तर जमेचना. डोक्यात ‘आय लाइक’, म्हणून तोंडात ‘यो गुस्तो’.

“इंग्रजीचे घरजावई!” बाई डस्टर आपटायच्या. “आईला काय सांगता? मी पिठलं आवडतो?”

“नाही. मला पिठलं आवडतं.”

“मग? मे गुस्ता, मला आवडतं. घरात आहे ते सोडून शेजारी कशाला मागायला जाता?”

पुढच्या वेळी मी पुन्हा ‘यो गुस्तो’च म्हणायचो.

तोंडी परीक्षेत त्यांनी मला सगळ्यांसमोर सोलून काढलं. शेवटी म्हणाल्या, “तुमचं स्पेन राहू द्या. मशीनच बिचारं मराठी शिकेल.”

माझं टाळकं सटकलं. “उस्तेद नो मे गुस्ता!” मी ओरडलो. तुम्ही मला आवडत नाही.



“बरोबर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आज इंग्रजीला न विचारता बोललात. जा स्पेनला.”

परत आल्यावर तिकडच्या बदामाच्या वड्यांचा डबा घेऊन बाईंकडे गेलो. बाई मला तेव्हाही आवडत नव्हत्या. पण माझं स्पॅनिश त्यांनी एकदा ऐकावं, असं फार वाटत होतं. जिन्यात शेजारीण भेटली. बाई पावसाळ्यातच गेल्या म्हणाली. फ्लॅटमध्ये आता इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता.

सवयीनं मी दारात चपला काढल्या.

“अहो काका, नो प्रॉब्लेम,” आतली मुलगी हसून म्हणाली, “तशाच घालून या.”

मी आत गेलो नाही.