अर्धे मास्तर

गल्लीतल्या शिंप्याला सगळे ‘अर्धे मास्तर’ म्हणत. अंगाने चांगले ताडमाड होते हो. अर्धी असायची ती त्यांची म्हण. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावायची, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याला नेमकी लागू पडेल अशी एखादी जुनी म्हण अर्ध्यावर सोडून द्यायची. उरलेली गिऱ्हाइकाने पुरी करायची. त्याला नाहीच जमलं, तर मागे स्टुलावर काजं करत बसलेली लेक पुरी करायची. माणसं कपडे न्यायला यायची आणि उगाच तासभर टेकायची.

लेक बापाच्या हाताखाली शिकली आणि बापापेक्षा सरस निघाली. एके दुपारी मान खाली घालूनच तिने विचारलं, "बाबा, समोरचा गाळा रिकामा झालाय. मी घेऊ? बायकांचे कपडे शिवीन."

आता सरळ हो म्हणावं, नाही म्हणावं. पण सवय कुठली जायला? मास्तरांनी उतावळ्या माणसांवरची एक खवचट म्हण अर्धी फेकली आणि मशीन सुरू केलं. लेकीने ती पुरी केली नाही. त्या दिवसापासून एकही केली नाही. कामापुरतं बोलायची, बास. गिऱ्हाईक अडलं की सगळं दुकान गप्प.

मास्तरांना जेवण गोड लागेना. शेवटी बायकोनेच सुनावलं, "जन्मभर दुसऱ्यांचं उसनं बोललात. लेकीशी तरी स्वतःचं काही बोला की."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कात्री खाली ठेवली, घसा खाकरला. एक म्हण जिभेवर आलीच होती, ती गिळली. "तू गेलीस की मला इथे करमायचं नाही. म्हणून तसं बोललो. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. गाळा घे."

बापाचं इतकं लांब, सरळ बोलणं लेकीने कधी ऐकलंच नव्हतं. "आधी डोळे पुसा," ती म्हणाली, "कापडावर डाग पडेल."

आता समोर तिची पाटी आहे. काल एक जाडजूड वकील सूट शिवायला आले. माप देताना पोट आत ओढू लागले. मास्तरांनी खणखणीत आवाजात त्यांच्यावर एक म्हण अर्धी टाकली. वकील डोकं खाजवत राहिले. मास्तरांनी सवयीने मागे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. त्यांनी मुकाट्याने टेप पुन्हा धरली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून, मशीनच्या खडखडाटावर चढून, उरलेली अर्धी आली.